टिक् वाजतं, पण गाडी उठत नाही

अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात, अटलांटाच्या नैऋत्येला पन्नासेक किलोमीटरवर पीचट्री सिटी नावाचं गाव आहे. १९५९ साली आखणी करून वसवलेलं, आज ३८ हजारांच्या आसपास वस्तीचं. गावभर पाइनच्या सावलीतून जवळजवळ १०० मैलांच्या, म्हणजे १६० किलोमीटरच्या, अरुंद डांबरी वाटा फिरवलेल्या आहेत. त्यांवर मोटारींना मज्जाव आहे. चालणारे, सायकलवाले आणि गोल्फ कार्ट एवढ्यांनाच तिथे प्रवेश. गावात नोंदणी झालेल्या कार्ट १० हजारांहून जास्त आहेत. भाजी आणायला कार्ट, लायब्ररीला कार्ट, संध्याकाळी तळ्याकाठी जायला कार्ट. मॅकिंटॉश हायस्कूलच्या आवारात सकाळी कार्टच्या रांगा लागतात, कारण पंधराव्या वर्षी लर्निंग लायसन्स हातात पडलेल्या मुलाला इथे ती एकट्याने चालवता येते. हमरस्ता आडवा आला की काही ठिकाणी वाट खालून बोगद्याने जाते, काही ठिकाणी वरून पुलाने.

आमच्या ओळखीच्या मराठी घरांत कार्ट आली ती बहुतेक आई-वडिलांसाठी. सहा महिन्यांसाठी आलेल्या माणसांना पुण्यात, साताऱ्यात, कोल्हापुरात रोज संध्याकाळी पाय मोकळे करायला बाहेर पडायची सवय असते. कोपऱ्यावरचा वाणी, देऊळ, कट्ट्यावरची चार डोकी. इथे मोटारीशिवाय दुधाची पिशवीही घरात येत नाही, आणि सत्तरी उलटल्यावर रस्त्याच्या उजव्या बाजूने मोटार हाकायला नव्याने शिकावं, असं कोणाला सांगवत नाही. कार्ट मात्र आठवड्याभरात हाताला बसते. तिचा वेग ताशी तीसएक किलोमीटरच्या पुढे जात नाही, गिअर नाहीत, क्लच नाही. एकदा ती मिळाली की आजोबा स्वतः उठून केस कापून येतात, आजी मैत्रिणीकडे जाऊन येतात. अशी कार्ट बंद पडली की त्यांचं बाहेर पडणं थांबतं. म्हणूनच एरवी जो विषय मी मेकॅनिकवर सोडला असता, त्याच्यावर एवढं लिहिते आहे.

जुन्या कार्टच्या तक्रारी ऐकत गेलं की त्या दोनच असतात. एक, ‘सुरू होत नाही’. दुसरी, ‘फार आदळते’. दोन्हींचं मूळ बहुतेक वेळा स्वस्त जागी असतं, आणि तरीही माणसं महागडे सुटे भाग बदलत राहतात. शेवटी कंटाळून चांगली गाडी भंगारात जाते. हे पाहून मला मनापासून हळहळ वाटते, कारण या गाड्या मुळात टिकण्यासाठीच बनलेल्या आहेत.

त्यांतल्या बहुतेक बनल्याही इथेच, जॉर्जियात, जरी सुरुवात दुसरीकडे झाली. विजेच्या गोल्फ कार्टचं कारखान्यातलं उत्पादन १९५१च्या सुमारास कॅलिफोर्नियात मार्केटिअर कंपनीने सुरू केलं. १९५४ साली जॉर्जियातल्या ऑगस्टा गावी डोलन बंधूंनी ई-झी-गो काढली. टेक्ससमध्ये जन्मलेली क्लब कार १९६२ साली ऑगस्टालाच आली. यामाहाचा कारखाना न्यूननला, पीचट्री सिटीच्या शेजारच्याच काउंटीत. म्हणजे अमेरिकेतल्या तीन मोठ्या कंपन्यांच्या कार्ट एकाच राज्यात जन्माला येतात. मोटरसायकलवाल्या हार्ली-डेव्हिडसननेही १९६३ ते १९८२ या काळात गोल्फ कार्ट बनवल्या होत्या. राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांना १९५५ साली हृदयविकाराचा झटका आला. त्यानंतर कार्टमधून फिरत गोल्फ खेळणारा राष्ट्राध्यक्ष लोकांनी पाहिला आणि धडधाकट नसलेल्या माणसालाही मैदानावर जाता येतं, हे सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आलं. पुढे पायाच्या रक्ताभिसरणाचा विकार असलेल्या केसी मार्टिन या व्यावसायिक खेळाडूला स्पर्धेत कार्ट वापरू द्यावी की नाही, हा वाद थेट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेला. २००१ साली न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी मार्टिनच्या बाजूने निकाल दिला. कार्ट हे चैनीचं वाहन आहे असं मानणाऱ्यांनी तो निकाल जरूर लक्षात ठेवावा.

गोल्फ क्लब कार्टचा ताफा बहुधा भाडेकराराने घेतात आणि तीन-चार वर्षांनी परत करतात. त्या गाड्या विक्रेत्यांकडे येतात, रंगरंगोटी होते, मग घरोघरी जातात. पंधरा-वीस वर्षांनी त्या तिसऱ्या-चौथ्या मालकाकडे असतात आणि मधल्या प्रत्येकाने त्यात काही ना काही बदल केलेला असतो. ही मधली दुरुस्ती आणि मधली हौस लक्षात घेतल्याशिवाय जुनी कार्ट समजत नाही.

आमच्या भागात अशा कार्ट एका मराठी घराच्या गॅरेजात येऊन उभ्या राहतात. तिथले काका पिंपरी-चिंचवडला वाहन उद्योगात उभं आयुष्य काढून निवृत्त झाले आणि आता लेकीकडे असतात. पैसे घेत नाहीत, चहा घेतात. त्यांच्याकडे एक मल्टिमीटर, हवा मोजायचा गेज, पान्यांचा एक डबा आणि भरपूर वेळ आहे. त्यांच्या शेजारी स्टूल टाकून बसून मी जे पाहिलं आणि विचारलं, ते इथे मांडते.

गाडी होती नव्वदच्या दशकातली, पेट्रोलवर चालणारी, एका कोल्हापूरकर आजोबांची. मुलाने त्यांच्यासाठी जुनी विकत घेतलेली. दोन्ही तक्रारी एकदमच. सकाळी पेडल दाबलं की ‘टिक्’ वाजतं आणि पुढे काही नाही. पाच-सहा वेळा दाबल्यावर कधीतरी इंजिन कण्हत उठतं. आणि चालू झाली तरी आजोबांना नको असते, कारण झाडांच्या मुळांनी जिथे डांबर उचललंय तिथे त्यांच्या मणक्यातून कळ जाते. आधीच्या दुकानात बॅटरी बदलून झाली होती, प्लग बदलून झाला होता, कार्बोरेटरही नवा बसवला होता. गाडी जशीच्या तशी.

पेट्रोलच्या कार्टचं सुरू होणं मोटारीसारखं नसतं, आणि ते नीट कळलं की अर्धं काम होतं. किल्ली फिरवल्याने इंजिन फिरत नाही, किल्लीने फक्त विजेचा रस्ता मोकळा होतो. पेडलवर पाय पडला की आतलं एक लहानसं स्विच जोडलं जातं, त्यातून सोलेनॉइडला करंट मिळतो, सोलेनॉइड ‘टिक्’ करून आतल्या जाड तांब्याच्या चकतीने बॅटरी आणि सेल्फ यांची गाठ घालून देतो. सेल्फ इंजिनाला बेल्टने जोडलेला असतो. तो इंजिन फिरवतो आणि एकदा इंजिन पेटलं की तोच सेल्फ उलटा डायनॅमो होऊन बॅटरी चार्ज करतो. पाय काढला की इंजिन बंद. म्हणजे प्रत्येक वळणावर, प्रत्येक ओळखीच्या माणसाशी बोलायला थांबल्यावर गाडी बंद होते आणि पुन्हा सुरू होते. मोटार दिवसातून दोन-चारदा सुरू होते. कार्ट एका फेरीत तेवढ्या वेळा सहज होते. सुरू होण्याच्या साखळीतली प्रत्येक कडी इथे किती झिजत असेल, याचा अंदाज यावरून यावा.

ढकलून सुरू करायची सोयही नाही. इंजिन आणि चाकं यांच्यामध्ये वेगानुसार उघडमीट करणाऱ्या पुली आणि पट्टा आहे, आपल्याकडे किनेटिक होंडाला होता तसला. इंजिन फिरत नसेल तर पट्टा पकडतच नाही. त्यामुळे धक्का मारणारे दहाजण गोळा करून उपयोग शून्य.

काकांनी सुरुवात बॅटरीपासून केली, पण बदलण्यापासून नव्हे. मीटरच्या दोन सुया बॅटरीच्या दोन टोकांना लावल्या. १२.६ व्होल्ट. मुलाला म्हणाले, “दाब पेडल.” टिक्. मीटर १२.३ वर आला आणि तिथेच थांबला.

“हे बघ,” ते मला म्हणाले, “बॅटरी मेलेली असती तर हा आकडा नऊच्या खाली कोसळला असता. बॅटरी द्यायला तयार आहे. मधे कोणीतरी खातंय.”

मग सुया थेट सेल्फच्या टर्मिनलवर आणि सेल्फच्या अंगावर. पेडल दाबल्यावर साडेआठ व्होल्ट. बॅटरीतून निघाले सव्वाबारा आणि पोहोचले साडेआठ. उरलेले पावणेचार व्होल्ट वाटेत कुठेतरी उष्णता होऊन जात होते. आता वाट तपासायची. सोलेनॉइडच्या दोन जाड बोल्टवर सुया: पेडल दाबण्याआधी बारा, टिक् झाल्यावर जवळजवळ शून्य. म्हणजे आतली चकती नीट जोडली जातेय. हाच आकडा टिक् झाल्यावरही बाराच राहिला असता, तर चकती जळली असं समजायचं आणि सोलेनॉइड बदलायचा. ‘टिक्’ ऐकू आलं म्हणजे सोलेनॉइड चांगला, हा सार्वत्रिक गैरसमज आहे. आवाज गुंडाळीचा असतो, करंट चकतीतून जातो.

शेवटी बॅटरीचं ऋण टोक आणि इंजिनाचा लोखंडी सांगाडा. पेडल दाबलं आणि मीटरवर तीनाच्या वर आकडा आला. एका वीतभर केबलमध्ये! या जागी अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसता कामा नये.

केबल वरून अगदी ठीकठाक होती. टोकाला रबराची टोपी, टोपी स्वच्छ. काकांनी ती मागे सारली तेव्हा आतली गोष्ट दिसली. जिथे तारांचा जुडगा पितळी डोळ्यात दाबून बसवलेला असतो, तिथून हिरवट चुरा बाहेर आला होता. त्यांनी प्लास्टिकचं आवरण दोन बोटं कापलं. आतल्या तारा आणखी आत, काळ्या-हिरव्या, चिमटीत घेतल्या की तुटत होत्या. पन्नास तारांतल्या दहा-बाराच करंट वाहत असाव्यात. सकाळच्या गारव्यात इंजिनातलं तेल घट्ट, सेल्फला ताकद जास्त लागणार, आणि तेव्हाच ही केबल कमी पडणार. दुपारी तीच गाडी सुरू होत होती ती यामुळे. काकांनी नवी जाड केबल केली, सांगाड्यावरची जागा पॉलिश पेपरने चकचकीत केली, बोल्ट आवळला आणि वरून ग्रीसचा हात फिरवला. पेडल दाबल्यावर इंजिन पहिल्या झटक्यात उठलं. नवी बॅटरी, नवा कार्बोरेटर, नवा प्लग, सगळा खर्च वाया गेला होता. दोष एका केबलच्या टोकात होता.

प्रत्येक गाडीत केबलच निघेल असं नाही. पण कुठल्या प्रकारे सुरू होत नाही, हे आधी ओळखलं तर शोध आपोआप आवरतो. पेडल दाबल्यावर काहीच आवाज नसेल तर फ्यूज, किल्लीचं स्विच आणि पेडलखालचं छोटं स्विच बघा; यातलं शेवटचं धूळ-पाण्यात असतं, त्यामुळे फार वेळा तेच गुन्हेगार. टिक् वाजून इंजिन फिरत नसेल तर वर सांगितलेली मोजणी. सेल्फच्या अंगावर लाकडी दांड्याने हलकेच ठोकल्यावर तो फिरला, तर त्याचे कार्बन ब्रश संपत आले आहेत. किंचाळल्यासारखा आवाज येत असेल तर बेल्ट सैल आहे.

इंजिन जोरात फिरतंय पण पेटत नाही, अशी गाडी असेल तर गोष्ट करंटकडून पेट्रोलकडे सरकते. आधी ठिणगी बघायची: प्लग काढून इंजिनाला टेकवून धरायचा आणि निळी ठिणगी पडते का ते पाहायचं, मात्र आसपास सांडलेलं पेट्रोल नसताना. ठिणगी आहे आणि तरी पेटत नाही म्हटल्यावर इंधन. इथल्या बहुतेक कार्टमध्ये विजेचा पेट्रोल पंप नसतो. इंजिनाच्या पोटात हवेचा दाब वर-खाली होतो, त्या दाबावर एक पातळ रबरी पडदा हलतो आणि पेट्रोल ओढतो. तो दाब पोहोचवणारी नळी चिरली की टाकी भरलेली असूनही कार्बोरेटर कोरडा. नळी जिथे टोकाला ताणलेली असते तिथे ती हमखास चिरते. वाकवून बघितल्याशिवाय चीर दिसत नाही. थोडं चालून गाडी मरत असेल आणि टाकीचं झाकण उघडल्यावर ‘फुस्’ होऊन पुन्हा सुरू होत असेल, तर झाकणाचं हवेचं भोक बुजलं आहे. ते साफ करायला पैसे लागत नाहीत.

आणि उभं राहिलेलं पेट्रोल. अमेरिकेत पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये साधारण १० टक्के इथेनॉल असतं. इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं. कार्ट हिवाळ्यात दोन-तीन महिने हलत नाही. तेवढ्यात कार्बोरेटरमधलं पेट्रोल उडून मागे चिकट पिवळा थर राहतो आणि सुईच्या अग्राएवढं जेटचं भोक बुजतं. जुन्या काळच्या रबरी नळ्या इथेनॉलसाठी बनलेल्याच नव्हत्या. हे मराठी वाचकांनी आपल्या दुचाकीसाठीही लक्षात घ्यावं, कारण भारतात २०२५ साली पेट्रोलमधलं इथेनॉलचं प्रमाण २० टक्क्यांवर पोहोचलं आहे. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर कार्बोरेटरमधलं पेट्रोल संपवून ठेवा. उघडल्यावर पेट्रोलला रंगासारखा वास आला तर ते वापरूच नका.

विजेच्या कार्टबद्दल थोडक्यात सांगते, कारण तिथे बहुतेक सगळ्या वाटा बॅटरीपाशीच येतात. जुन्या गाड्यांत सहा बॅटऱ्यांचा संच असतो: ६ व्होल्टच्या सहा असतील तर ३६, ८ व्होल्टच्या सहा असतील तर ४८ व्होल्ट. एकेक बॅटरी २८ किलोच्या आसपास. पूर्ण चार्ज करून काही तास उभ्या ठेवलेल्या ३६ व्होल्टच्या संचावर ३८ व्होल्टच्या थोडं वर दिसलं पाहिजे, ४८ व्होल्टच्या संचावर ५१च्या जवळ. पण उभ्या गाडीचा आकडा फसवतो. कोणी तरी गाडी चढावर चालवायची आणि दुसऱ्याने नंतर लगेच प्रत्येक बॅटरी वेगळी मोजायची. पाच सारख्या आणि एक अर्ध्या-एक व्होल्टने खाली, असं दिसलं की दोषी सापडली. एकच खराब बॅटरी साऱ्या संचाला खाली ओढते, आणि जुन्या पाचांत एक नवी टाकली तर नवीही लवकर जाते, हे विकणारे नेहमी सांगत नाहीत. टर्मिनलवरचा पांढरा-निळा फुलोरा खाण्याचा सोडा पाण्यात कालवून धुवावा. पाणी डिस्टिल्डच घालावं, आणि चार्ज झाल्यानंतर घालावं. आधी काठोकाठ भरलं तर चार्ज होताना आम्ल उतू जातं. चार्ज होताना हायड्रोजन निघतो, म्हणून गॅरेजचं दार उघडं. आणि हात घालण्यापूर्वी अंगठी, कडं, बांगड्या काढून ठेवा, लोंबणारं मंगळसूत्रही. पाना किंवा सोन्याची साखळी दोन टर्मिनलवर पडली तर ती क्षणात लाल होते. काका या बाबतीत कोणाची भीड ठेवत नाहीत.

काही विजेच्या गाड्यांत आणखी एक पेच असतो. नव्वदच्या दशकाच्या मध्यापासून क्लब कारच्या ४८ व्होल्टच्या गाड्यांत एक संगणक बसवलेला असे आणि चार्जर कधी चालू करायचा ते तो ठरवी. कार्ट महिनोन्‌महिने उभी राहून बॅटऱ्या तळाला गेल्या की त्या संगणकालाच जाग येत नाही. मग चार्जर लावूनही तो मुका राहतो, आणि मालक समजतो चार्जर गेला. बॅटऱ्या एकेक करून वेगळ्या चार्जरने थोड्या वर आणल्या तर पुष्कळदा सगळं पुन्हा सुरळीत होतं.

आता आदळण्याचं बघू.

आजोबांच्या गाडीत करंटचा प्रश्न सुटला होता, पण त्यांच्या दृष्टीने खरा प्रश्न हा दुसराच होता. काकांनी गाडी सपाट जागी उभी केली आणि मागच्या बाजूला पाय देऊन वर उभे राहिले. गाडी हललीच नाही. सत्तर किलोचा माणूस मागे उभा राहतो आणि पाटे बोटभरही दबत नाहीत, म्हणजे ते काम करत नाहीत. पाय दिल्यावर गाडी खाली जाऊन डोलत राहिली असती तर शॉकअप संपले असं म्हणता आलं असतं. खाली जाऊन ‘ठक्’ आवाज आला असता तर पाटे बसून रबराच्या ठोकळ्यावर टेकले असते. अशी गाडीही ताठच वाटते, आणि लोक मऊ करायच्या नावाखाली नेमकं उलटं करतात.

गोल्फ कार्टचे पाटे मुळात दोन माणसं आणि दोन गोल्फच्या पिशव्या एवढ्या वजनासाठी बसवलेले असतात. आधीच्या कुणा मालकाने या गाडीला मागे उलटं बसायचं बाकडं लावलं होतं. त्यावर तीन-चार मुलं बसणार म्हणून जाड, जास्त पानांचे पाटे टाकले. पुढच्या मालकाने बाकडं काढून टाकलं, पाटे तसेच राहिले. आता एकटे बासष्ट किलोचे आजोबा पुढे बसणार आणि मागे तीन-चार मुलांच्या तयारीचे पाटे. त्या पाट्यांना आजोबा जाणवतही नव्हते.

त्यावर कडी म्हणजे चाकं. जुन्या कार्टला ८ इंची रिम आणि १८ इंच उंचीचे टायर असत. मधे पाच इंचांची रबराची भिंत. ती भिंत हा गाडीचा निम्मा सस्पेन्शन होता. दिसायला छान म्हणून कोणी तरी १२ इंची चकचकीत रिम आणि पातळ टायर बसवले. हवा भरणाऱ्याने टायरच्या बाजूवर छापलेला कमाल आकडा बघून तेवढी ठासली. गेजवर ३५ पीएसआय दिसले. कार्टच्या पुस्तिकेत मूळ टायरसाठी साधारण १८ ते २२ सांगितलेले असतात. छापलेला आकडा टायर फुटू नये म्हणून दिलेली मर्यादा असतो, आपल्या गाडीत किती भरावं याचा सल्ला नसतो. गाडी आदळते म्हणून नवे पाटे आणि शॉकअप मागवण्याआधी एकदा गार टायरमध्ये हवा मोजावी, हे माझं प्रत्येक कार्टवाल्याला कळकळीचं सांगणं आहे. पाचदहा डॉलरचा गेज पुरतो.

मग पाट्यांच्या कड्या. पाटा दबला की लांबतो, म्हणून त्याचं एक टोक झुलत्या कडीत धरलेलं असतं. कडीच्या बोल्टभोवतीचे बुश सुकले किंवा कोणी बोल्ट सगळ्या ताकदीने आवळला की कडी झुलत नाही, पाटा लांबू शकत नाही आणि लांबता येत नाही म्हणून दबतही नाही. या गाडीत दोन्ही झालं होतं. काकांनी गाडी जॅकवर घेतली, पुढच्या चाकांना अडण लावली, सांगाड्याखाली घोडे ठेवले. बोल्ट निघाला तेव्हा बुशमधलं रबर काड्यांसारखं तुटून पडलं. नवे बुश बसवताना बोल्ट त्यांनी हातानेच लावून ठेवले आणि गाडी चाकांवर उतरवल्यावर, तिचं वजन पाट्यांवर आल्यावर, मग आवळले. हवेत लटकलेल्या गाडीचे बोल्ट आवळले की बुश पिळवटून बसतात आणि पुन्हा तोच ताठपणा येतो. कडी हाताने हलली पाहिजे एवढंच आवळायचं.

शॉकअपची परीक्षा सोपी आहे. खालचं टोक सोडवायचं आणि हाताने आत-बाहेर करायचं. दोन्ही दिशांना सलग विरोध जाणवला तर चांगला. सहज हलला तर गेलेला. हललाच नाही तर गंजून अडकलेला, आणि तसा एक अडकलेला शॉकअप नव्या पाट्यांचीही माती करतो. आजोबांच्या गाडीतला डावा अडकलेला होता. दोन्ही बदलले, कारण एका बाजूला नवा आणि दुसऱ्या बाजूला जुना ठेवला तर गाडी वळणावर वाकडी वागते.

मूळ मापाचे पाटे आणि ८ इंची जुनी चाकं एका ओळखीच्याने आपल्या गॅरेजातून काढून दिली. त्याने स्वतःची गाडी सजवताना ती काढून ठेवली होती! सजवलेल्या कार्टचे मूळ भाग अशा कोपऱ्यात पडून असतात, आणि माझ्या मते तेच जुन्या कार्टचं सगळ्यात चांगलं औषध आहे. ज्यांनी ती गाडी आखली त्यांनी वजन, चाक आणि पाटा यांचा हिशेब एकत्र केला होता. त्यातलं एक बदललं की बाकीचे दोन चुकतात. गाडी उंच करायचे किट, रुंद टायर, मागची बाकडी हे सगळं जरूर करावं, पण मग पाटेही त्या वजनाचे हवेत आणि बाकडं काढलं तर पाटेही काढायला हवेत. आणि ब्रेक विसरू नयेत. बहुतेक कार्टना ते मागच्या दोन चाकांनाच असतात. उंच केलेल्या, जड झालेल्या गाडीला तेवढेच ब्रेक थांबवणार आहेत. मागच्या बाकड्यावरून वळणावर पोरं पडल्याचे अपघात होतात, म्हणून तिथे पट्टे लावा आणि लहानांना पुढे, मोठ्यांच्या मधे बसवा.

हा विषय आता फक्त जॉर्जियातला राहिलेला नाही. पुण्यात फिरोदिया घराण्याच्या किनेटिक ग्रीनने इटलीच्या टोनिनो लॅम्बोर्गिनीबरोबर गोल्फ कार्टसाठी संयुक्त कंपनी काढायचा करार २०२३ साली केला. मोठ्या रेल्वे स्थानकांवर ज्येष्ठांना फलाटापर्यंत नेणाऱ्या बॅटरीच्या गाड्या आपण पाहतो, इस्पितळांच्या आणि मोठ्या वसाहतींच्या आवारातही त्या फिरतात. आज त्या नव्या आहेत. पाच-सात वर्षांनी त्याही जुन्या होतील आणि त्याच दोन तक्रारी आपल्याकडेही ऐकू येतील. बसची, रिक्षाची, ट्रॅक्टरची कामं करणाऱ्या आपल्या मेकॅनिकांना पाटे आणि सेल्फ शिकवायची गरज नाही. मात्र या गाड्यांची देखभाल करणाऱ्यांच्या हातात मल्टिमीटर आणि बॅटरीतलं आम्ल तपासायचा हायड्रोमीटर द्या, बॅटरीचं पाणी दर महिन्याला कोण तपासणार त्याचं नाव भिंतीवर लिहा. संस्थांमध्ये गाड्या मरतात त्या बहुधा यामुळेच, की त्या कोणाच्याच नसतात.

अमेरिकेत आई-वडिलांसाठी जुनी कार्ट घ्यायचा विचार असेल तर एवढं करा. नवी कार्ट १० हजार डॉलरच्या आसपास किंवा पुढे जाते, म्हणून जुनी घेण्यात शहाणपण आहेच. पण पैसे देण्याआधी ज्यांच्यासाठी घ्यायची त्यांनाच शेजारी बसवून खराब वाटेवरून एक फेरी मारा. तुमच्या पाठीला जे जाणवत नाही ते त्यांच्या पाठीला जाणवतं. मागे पाय देऊन उभे राहा आणि पाटे दबतात का बघा. सीट उचलून केबलच्या टोकांवरच्या रबरी टोप्या मागे सारा. मूळ चाकं, मूळ पाटे ठेवले आहेत का, असं विचारा. असतील तर तेही मागून घ्या. आणि गाडी बघायला जाल तेव्हा बॉनेटला हात लावतो तसा इंजिनाला हात लावून बघा. विकणाऱ्याने ती आधीच तापवून ठेवली असेल तर त्या दिवशी व्यवहार करू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी, इंजिन गार असताना पुन्हा जा.